वाचकांचे प्रश्न : आठवड्याच्या खर्चात दानाचा वाटा

या वेळच्या टपालात तरुण वाचकांची पत्रं जास्त आहेत. हातात पैसे थोडे, तरी कुणासाठी तरी काही काढून ठेवायची इच्छा आहे, असं बहुतेकांनी लिहिलं आहे. काही पत्रं जागेअभावी थोडक्यात घेतली आहेत. उत्तरांतले भाव आणि रकमा हिशेब समजावण्यासाठी धरल्या आहेत. आपापल्या भागातल्या भावाप्रमाणे त्या बदलून घ्याव्यात.

प्रश्न : मी यवतमाळची, शिकायला नागपुरात बजाजनगरला रूम करून राहते. घरून महिन्याला 9,000 रुपये येतात. दर महिन्याला ठरवते की 400-500 रुपये एखाद्या संस्थेला द्यायचे. एक-दोनदा दिलेही, पण मग 22-23 तारखेलाच मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले. मी उधळपट्टी करत नाही. चुकतं कुठे?

उत्तर : दोन ठिकाणी चुकतं आहे आणि दोन्हींचा उधळपट्टीशी संबंध नाही. पहिलं म्हणजे, दानाची रक्कम तुम्ही 9,000 वर धरता, पण त्यातले बहुतेक पैसे तुमच्या हातात थांबतच नाहीत. दुसरं, महिन्याचे चार आठवडे धरून खर्च करता.

आधी बांधलेला खर्च वेगळा काढा. रूमभाड्यातला वाटा 2,800, मेस 2,800, लाइटबिल आणि वायफायचा वाटा 300. मोबाइलच्या रिचार्जकडे नीट लक्ष द्या. 28 दिवसांचा प्लॅन वर्षात 12 वेळा नव्हे, 13 वेळा मारावा लागतो. 300 रुपयांचा प्लॅन असेल तर वर्षाचे 3,900, म्हणजे महिन्याला 325 धरायचे. एकूण झाले 6,225. उरले 2,775.

त्यातून अधूनमधून येणाऱ्या खर्चाचे 600 बाजूला ठेवा. परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स, यवतमाळला जायचं बसभाडं, तापाच्या गोळ्या, चपलेचा अंगठा. हे खर्च दर महिन्याला येत नाहीत म्हणून कुणी धरत नाही आणि आले की आठवड्याच्या पैशातून जातात. ज्या महिन्यात 600 लागले नाहीत, त्या महिन्यात ते साठू द्या. परीक्षेच्या महिन्यात 1,500 लागतील तेव्हा कामी येतील.

आता उरले 2,175. ही तुमची मोकळी रक्कम आणि दानाचा हिशेब हिच्यावरच करायचा. 9,000 चे पाच टक्के 450 होतात, म्हणजे मोकळ्या रकमेच्या पाचव्या भागाहून जास्त. ते झेपणं शक्यच नव्हतं. मोकळ्या रकमेचे पाच टक्के 109 होतात. सोयीसाठी 120 धरा. रक्कम लहान वाटेल, पण उसने न घेता बाराही महिने निघेल. वर्षाचे 1,440 होतात आणि ते मैत्रिणीच्या पाकिटातून आलेले नसतात.

120 काढल्यावर 2,055 राहतात. याला चारने भागलं की आठवड्याला 513 येतात आणि तिथेच फसगत होते. चार आठवड्यांचे दिवस 28. फेब्रुवारी सोडली तर महिन्याचे दोन-तीन दिवस कोरडे जातात, ते दिवस उसनवारीवर निघतात आणि ती उसनवारी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातून फिटते. म्हणून आठवडा वारावर धरू नका, तारखेवर धरा. 1 ते 7, 8 ते 14, 15 ते 21, 22 ते 28 आणि उरलेले दिवस. प्रत्येक आठवड्याला 460 घ्या. चारांचे 1,840 झाले आणि शेवटच्या दिवसांसाठी 215 राहिले.

460 मध्ये काय बसतं? कॉलेजला जायला-यायला सहा दिवसांचे 120. चहा आणि पोहे, 130. रविवारी रात्री मेस बंद असते, त्या जेवणाचे 90. किरकोळ 90. तीस रुपये मोकळे राहतात, ते उरले तर शेवटच्या दिवसांच्या 215 मध्ये टाका. महिन्यात पाच रविवार आले तर पाचवं जेवण त्या 215 मधूनच निघतं, कारण पाचवा रविवार नेहमी 29, 30 किंवा 31 तारखेलाच पडतो.

सगळ्यात जास्त घसरण 15 ते 21 मध्ये होते. पहिल्या पंधरवड्यात कुणाच्या वाढदिवसाचा केक, कुणाबरोबर सीताबर्डीची फेरी असं होऊन पुढच्या आठवड्याचे शंभर रुपये आधीच उचललेले असतात. उपाय साधा आहे : सगळे पैसे एकाच खात्यात, एकाच आकड्यात दिसू देऊ नका. रोख वापरत असाल तर पाच पाकिटं करा. मोबाइलवरून देत असाल तर यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या छोट्या पाकिटात, आठवड्याचे 460 भरा आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवा. लाइटमधून देताना पिन लागत नाही, मुख्य खात्यातून देताना लागतो. पिन मागितला गेला की समजायचं, या आठवड्याचे पैसे संपले.

120 चे दोन भाग करा. 80 ठरलेल्या कामासाठी आणि 40 अचानक समोर येणाऱ्या गरजेसाठी. 80 दर महिन्याला न पाठवता तीन महिन्यांचे 240 एकदम द्या. लहान रकमेची पावती, नोंद, निरोप यात संस्थेचं काम वाढतं. वस्तू द्यायची असेल तर आधी विचारा. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली-चंद्रपूरपासून मध्य प्रदेश-छत्तीसगडपर्यंतचे रुग्ण येतात. सोबतचे नातेवाईक अनेकदा नेसत्या कपड्यांनिशी निघालेले असतात. कुणाला काय हवं ते तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना ठाऊक असतं. 240 रुपयांत अंगाचा साबण, टूथपेस्ट, कंगवा, सॅनिटरी पॅड असं तीन-चार जणांपुरतं सामान येतं. जुने कपडे मात्र न विचारता नेऊन टाकू नका. ते धुऊन, निवडून, मापाप्रमाणे लावायला माणसं लागतात.

प्रश्न : मी 23 वर्षांचा, घरोघरी जेवण पोचवण्याचं काम करतो. आईवडिलांसोबत हुडकेश्वरला राहतो. पैसे आठवड्याला मिळतात, कधी 3,400, कधी 4,800. आमच्याकडे कमाईचा दहावा हिस्सा काढायची पद्धत आहे. तो हाती आलेल्या पैशावर काढायचा की पेट्रोल वजा करून? आणि कमी कमाईच्या आठवड्यात काय करायचं?

उत्तर : पेट्रोल, गाडीचा हप्ता, ऑइल, टायर हा सगळा कमाई करण्यासाठी लागणारा खर्च आहे. दुकानदार मालाची खरेदी वजा केल्यावर उरतं त्याला कमाई म्हणतो. तुमचंही तेच. आधी वजाबाकी, मग हिस्सा.

गेल्या आठ आठवड्यांच्या रकमा लिहून काढा आणि त्यातली सगळ्यात कमी रक्कम पाया धरा. सरासरी धरू नका. सरासरीवर खर्च बांधला की निम्म्या आठवड्यांत तूट पडते. तुमचा पाया 3,400. पेट्रोल 900. हप्ता महिन्याला 2,600 असेल तर चारने न भागता 12 ने गुणून 52 ने भागा, 600 येतात. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर मिळून 200. राहिले 1,700, ही खरी कमाई. घरी 1,000 देत असाल तर उरले 700.

1,700 च्या खऱ्या कमाईचा दहावा हिस्सा 170 होतो. पण सध्या तो काढू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. तुमच्या कामात गाडी पडली, हात मोडला की त्या दिवसापासून कमाई शून्य. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात दुपारी 45 अंश झाले की फेऱ्याही कमी होतात. त्यामुळे चार आठवड्यांचा घरखर्च आणि हप्ता, म्हणजे 6,400 रुपये, बाजूला जमेपर्यंत विसावा हिस्सा काढा. 1,700 चा विसावा हिस्सा 85. राखीव 250. तुमच्या स्वतःच्या खर्चाला 365 राहतात.

विसाव्या हिश्श्याला या शहरात मोठा आधार आहे. 1956 च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेनंतर नागपुरातच केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना आपल्या कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितलं होतं. समोर बसलेले बहुतेक लोक मजुरी करणारे, गरीब होते. शीख परंपरेत दहावा हिस्सा आहे. इस्लाममधली जकात अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा, पण ती कमाईवर नसते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली तर त्या शिलकेवर असते. तुमच्या घरी कोणती रीत आहे ते वडीलधाऱ्यांना विचाराच. जमाखर्चाच्या दृष्टीने आमचं म्हणणं एवढंच की राखीव रक्कम पूर्ण झाल्यावर 5 वरून 10 टक्क्यांवर जाणं सोपं असतं. 10 वरून सुरुवात करून कर्ज काढावं लागलं तर देणंच बंद पडतं.

4,800 मिळालेल्या आठवड्यात 1,400 जास्त दिसतात. जास्त फेऱ्यांचं पेट्रोल 250 धरा, उरले 1,150. यातून दहावा हिस्सा, 115, नेहमीच्या 85 मध्ये मिळवा. 700 राखीवात टाका. बाकी 335 तुमचे. जास्तीच्या कमाईवर मोठा हिस्सा काढला तरी चटका बसत नाही. राखीव भरायलाही अशाच आठवड्यांनी वेग येतो.

आणि एखाद्या आठवड्यात कमाई पायाच्याही खाली गेली, तर दान शून्य. ते मागची बाकी म्हणून पुढच्या आठवड्यावर चढवू नका. बाकी चढली की चार-पाच आठवड्यांत आकडा इतका मोठा होतो की माणूस वहीच बंद करतो. घरी दिलेले 1,000 यात धरलेले नाहीत, तेही लक्षात घ्या. आईवडिलांना देणं ही जबाबदारी आहे, ते दानाच्या रकान्यात लिहू नये आणि दानासाठी कमीही करू नये.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. त्याला आठवड्याला 300 रुपये देते. कॉलेजात कुणासाठी मदत गोळा करताहेत म्हटलं की सगळे देऊन येतो आणि दोन दिवसांनी माझ्याकडे पुन्हा हात पसरतो. चांगल्या कामाला दिले म्हणून मला नाही म्हणवत नाही. (एक आई, महाल)

उत्तर : तुम्ही पुन्हा देता तेव्हा ते दान तुमचं होतं, त्याचं राहत नाही. त्याचा हात सैल आहे ही चांगलीच गोष्ट. त्याला फक्त कड हवी.

तीन डब्या करा : खर्च 210, बचत 60, देण्यासाठी 30. पैसे देताना 100 च्या तीन नोटा देऊ नका, वाटणीच होत नाही. 50 च्या चार, 20 च्या तीन आणि 10 च्या चार द्या, मग तिन्ही डब्यांत बरोबर रकमा पडतात. पैसे ठरलेल्या दिवशीच द्या. रविवारी सकाळी दिलेले बरे, कारण शुक्रवारी दिलेले शनिवार-रविवारीच संपतात.

देण्याच्या डबीत आहे तेवढं तो कुणालाही देऊ शकतो, विचारायची गरज नाही. त्यापेक्षा जास्त द्यायचं असेल तर खर्चाच्या डबीतून द्यावं आणि तो आठवडा तसाच काढावा. तुम्हाला भर घालायचीच असेल तर आधी सांगून घाला : महिनाअखेरीला देण्याच्या डबीत जेवढे असतील तेवढेच मी घालीन. देऊन झाल्यावर भरपाई नाही. आजकाल 10 वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या अटींनुसार स्वतःचं बचत खातं चालवता येतं. बचतीची डबी भरली की ती रक्कम तिकडे न्या.

प्रश्न : मिहानमध्ये नोकरी लागून सहा महिने झाले. हाती 32,000 येतात. दान केल्यावर आयकर कायद्याच्या 80जी कलमाखाली कर वाचतो म्हणून सहकारी 5,000 द्यायला सांगतात. शिवाय मोबाइलवर रोज कुणाच्या ऑपरेशनसाठी मदतीचे निरोप येतात. खरं-खोटं कसं ओळखायचं?

उत्तर : कराचं आधी सांगतो. वर्षाला 3,84,000 उत्पन्न असेल तर तुम्हाला करच बसत नाही. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र पगारावर सूट मिळून कर शून्य होतो आणि तिथे 80जी ची सवलत मुळात नाहीच. जुनी पद्धत निवडली तरी 5 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कुठून? तेव्हा 5,000 चा आकडा करापायी ठरवू नका. पुढे पगार वाढला आणि जुनी पद्धत घेतली तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. 2,000 पेक्षा जास्त रोख दिले तर सवलत नाही. वस्तू दिल्या तरी नाही. आणि संस्थेकडून साध्या पावतीशिवाय 10बीई नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बऱ्याच संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट मिळते, हेही सहकारी सांगत नाहीत.

संस्था तपासायला अर्धा तास पुरतो. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, पॅन आणि नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या सेवाभावी न्यासाचा क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षराने सुरू होतो आणि पुढे कंसात जिल्ह्याचं नाव असतं. गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागा. चांगली संस्था तो मागितल्यावर रागावत नाही. नागपुरातली असेल तर सुटीच्या दिवशी जाऊन या. 1921 पासून काम करणाऱ्या मातृसेवा संघासारख्या जुन्या संस्था इथे आहेत. वरोऱ्याचं आनंदवनही एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

ऑपरेशनच्या निरोपात रुग्णालयाचं नाव असतं. निरोपातल्या नंबरावर फोन करू नका. रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधा आणि त्या नावाचा रुग्ण दाखल आहे का, बिलाच्या खात्यात थेट पैसे भरता येतात का, एवढंच विचारा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे जायच्या आधी नाव दिसतं. निरोप संस्थेचा आणि नाव भलत्याच माणसाचं असेल तर तिथेच थांबा. मदत गोळा करणाऱ्या काही ॲपवर तुमच्या रकमेत ॲपसाठीची ‘टिप’ आधीच धरलेली असते. 300 टाकले की खाली 330 किंवा जास्त दिसतात. ती टिप शून्य करता येते, शेवटचा आकडा वाचूनच पिन टाका. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची शक्यता असते, म्हणून उशीर नको.

32,000 मध्ये किती द्यावं, ते पहिल्या उत्तरातल्या रीतीने मोकळ्या रकमेवर काढा.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे 18,000 थकले आहेत, दर महिन्याला कमीत कमी रक्कम भरतो. दान चालू ठेवावं का?

उत्तर : थांबवा. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साधारण 3 ते 4 टक्के व्याज लागतं, म्हणजे 18,000 वर महिन्याला 540 ते 720 रुपये नुसते व्याजात जातात. 200 रुपये दान करून ते 200 थकीत ठेवणं म्हणजे व्याजाने पैसे काढून दान करणं. थकबाकी फिटेपर्यंत रक्तदान करा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रियांना 120. मेडिकल आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) दोन्हीकडे रक्तकेंद्र आहे.

प्रश्न : आम्ही दहा मित्रमैत्रिणी दर आठवड्याला प्रत्येकी 25 रुपये काढून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना नाश्ता द्यायचं म्हणतो. बारा आठवडे हातात आहेत. 3,000 रुपयांत किती जणांना पुरेल?

उत्तर : 3,000 धरूच नका. बारा आठवडे दहाच्या दहा जण टिकत नाहीत, दोघं गळतात. आठ जणांचे 2,400 होतात, बेत त्यातच बसवा.

पोहे करा, तर्री नको. गर्दीत ती सांडते आणि द्रोण गळतात. एक किलो कोरड्या पोह्यांत साधारण 13 प्लेटा होतात. 150 जणांसाठी 12 किलो पोहे, 5 किलो कांदे, 2 लिटर तेल, 1 किलो शेंगदाणे लागतात. 60 च्या भावाने पोहे 720, कांदे 150, तेल 300, दाणे 140. मिरची, हळद, मीठ, कोथिंबीर मिळून 150, लिंबं 100, पानांचे 200 द्रोण 200, गॅस 300. वीस लिटरचे पाण्याचे सहा जार, 40 प्रमाणे 240. एकूण 2,300. पोहे आणि दाणे इतवारीत घाऊक घेतले, कांदे कळमन्यातून आणले तर आणखी थोडे वाचतील.

सगळे 12 किलो एकदम भिजवू नका, लगदा होतो. तीन-तीन किलोचे घाणे करा आणि पुढचा घाणा मागचा निम्मा वाटून झाल्यावरच घाला. शिजलेलं दोन तासांत संपवा. ऑक्टोबरच्या उन्हात झाकून ठेवलेले पोहे आंबतात. जागेची परवानगी महापालिकेच्या झोन कार्यालयात महिनाभर आधी विचारा, शेवटच्या आठवड्यात तिथे गर्दी असते. दोन मोठ्या कचरापेट्या आणि पिशव्या ठेवा. दोन जणांनी फक्त द्रोण उचलायचं काम करावं.

पैसे एकाच्या नेहमीच्या खात्यात जमा करू नका, त्याच्या रोजच्या खर्चात ते मिसळतात आणि नंतर मैत्री तुटते. ज्याचं एखादं वापरात नसलेलं, किमान शिलकेची अट नसलेलं खातं आहे त्याच्याकडे जमा करा. वही दुसऱ्याकडे ठेवा आणि दर रविवारी वहीतला आकडा व खात्यातला आकडा ग्रुपवर टाका. कुणाचे 25 राहिले तर पुढच्या रविवारी 50 घ्या. सलग तीन राहिले तर त्याला पैशाऐवजी कांदे चिरायचं काम द्या, ग्रुपमधून काढू नका. दहाही जण टिकले तर 700 उरतील, त्यांतून आणखी 40 प्लेटांचं सामान येतं. पण ते शेवटच्या आठवड्यात, हातात पैसे आल्यावरच घ्या.